नर्सिंग चार्जेस

(दृश्य: संध्याकाळ. गच्च भरलेली बस.)

धनकवडीहून निघालेली पीएमपी स्वारगेटच्या सिग्नलला अडकलीये. अख्खं पुणं घरी परततंय आणि ही कामावर निघालीये. सॅकमध्ये डबा, स्वेटर, चार रंगांचं पेन. आज नाईट. आठ ते आठ.

नाव नको म्हणाली. "सिस्टर म्हणा. सगळे तेच म्हणतात."

शिक्षण बी.कॉम. कॉलेज संपलं आणि शहरातल्याच एका खासगी हॉस्पिटलात बिलिंग काउंटरवर नोकरी लागली. चार वर्षं तिला वॉर्ड दिसला तो कागदावरच. आयव्ही सेट, १. सिरिंज पाच सीसी, ६. कॅन्युला २२ नंबर, १. आणि दर दिवसाची एक ओळ : नर्सिंग चार्जेस. बाकी सगळ्यापुढे नग लिहिलेले असायचे, या ओळीपुढे काही नसायचं. नातेवाईक बोट ठेवून विचारायचे, "मॅडम, हे कशाचे?" ती सांगायची, "नर्सिंगचे." ते गप्प व्हायचे. तिला स्वतःला ते उत्तर कधी पटलं नाही.

एकदा कुठल्याशा सहीसाठी ती चौथ्या मजल्यावर गेली. अर्धांगवायू झालेल्या आजोबांना एक सिस्टर कुशीवर वळवत होती. पाठ पुसली, पावडर लावली, मागे उशी सारली, चादरीची सुरकुती ओढून काढली. "दर दोन तासांनी वळवायचं. नाहीतर पाठीला जखमा होतात." म्हणजे दिवसाला १२ वेळा. कॉमर्सच्या मुलीने भागाकार तिथेच केला.

(दृश्य: वर्गातले बाक. सांगाडा. पुतळ्यावर पट्टी बांधणारे हात.)

बी.एस्सी. नर्सिंगला बारावीला जीवशास्त्र लागतं. ते दार बंद होतं. जीएनएमला, म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवायफरीला, मात्र बारावीची कुठलीही शाखा चालते, इंग्रजी विषय हवा आणि वय ३५ च्या आत. तीन वर्षांचा डिप्लोमा. हातात पदवी आहे म्हणून त्यातला एक दिवसही कमी होत नाही. सव्विसाव्या वर्षी ती अठरा वर्षांच्या पोरींच्या बाकावर जाऊन बसली. पोरींनी पहिल्याच आठवड्यात तिला ताई करून टाकलं आणि मेसच्या हिशोबाची वही तिच्या गळ्यात मारली.

आई म्हणाली, "ग्रॅज्युएट झालीस ती बेडपॅन उचलायला का गं?"

पुण्याला हा प्रश्न काही नवा नाही. १९०९ साली रमाबाई रानडे यांनी इथे सेवासदन सुरू केलं आणि तिथल्या बायकांना नर्सिंग शिकायला ससूनमध्ये धाडलं. त्यांत विधवाही होत्या. सोवळ्याओवळ्याच्या त्या पुण्यात परक्या माणसाची जखम धुवायची, म्हणजे वाड्यावाड्यांत काय काय बोललं गेलं असेल! अर्ध्यावर आयुष्य बदलून वॉर्डात येणारी बाई या शहराने तेव्हापासून पाहिली आहे. आईला हे सांगून उपयोग झाला नाही, हेही खरंच.

(दृश्य: रात्र. सलाईनचा थेंब, जवळून.)

मग बी.कॉम. वाया गेलं? साडेनऊ वाजलेत. ५०० मिलीची बाटली आठ तासांत संपवायची आहे. या सेटमधून एका मिलीचे २० थेंब पडतात. मनगटावरच्या घड्याळाकडे बघत तिने रेग्युलेटर फिरवला. मिनिटाला २१. शेजारची ज्युनियर अजून मोबाईलमध्ये कॅल्क्युलेटर शोधतेय. इनटेक-आउटपुट चार्ट तर सरळसरळ जमाखर्चच. पोटात गेलं किती, बाहेर आलं किती. फक्त हा मेळ बसला नाही, की ऑडिटर येत नाही, डॉक्टरांना फोन जातो.

आता पगाराचं. महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नाव नोंदवून नोकरी लागली, तेव्हा पहिला पगार बिलिंगच्या पगाराहून कमी होता. रात्री तिच्या वाट्याला १४ बेड. पोटऱ्या भरून येतात. दिवाळीत सुट्टी मिळेल याची खात्री नाही. आणि "कधीचा बोलावतोय, सिस्टर!" हे रोज चार वेळा.

मग परत जाशील का काउंटरवर? ती हसली. "चिडायची माणसं तिथेही. तिथे मी फक्त पावती देऊ शकायचे."

पहाटे तीनला सात नंबरच्या आजींना झोप येईना. ऑपरेशनची भीती. बीपी घेतलं, ठीक होतं. आजी म्हणाल्या, "वेणी घालतेस का गं? केस टोचतायत." तिने घातली. तीन पेडांची, आजींना हवी तशी, घट्ट. चार्टवर लिहायला तिला रकाना सापडला नाही. तिने बीपी तेवढं लिहिलं.

(दृश्य: सकाळ. तळमजला.)

आठ वाजता पुढच्या शिफ्टच्या सिस्टरला ओव्हर दिली. चौदाही बेडचं, एकेक करून. वीस मिनिटं त्यातच गेली. बाहेर पडताना बिलिंग काउंटरवरून जावं लागतं. हे हॉस्पिटल दुसरं, काचेपलीकडचा मुलगा नवा. अलीकडे एक गृहस्थ बिलावर बोट ठेवून उभे.

"हे कशाचे?"

"नर्सिंगचे."

ती क्षणभर थांबली. मग सॅक सावरली. बस सुटायला चार मिनिटं होती.