वही आधी, रंगपेटी मागाहून

(हौशी चित्रकारांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. जलरंगांवर बोलायला उभं राहिलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मॅडम, रंग कुठल्या कंपनीचे घेऊ?" दुसरा ब्रशचा. कागदाबद्दल मात्र कुणी विचारत नाही. यात तुमचा दोष नाही. आपण सगळे एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या वाटेने आलेली माणसं. शाळेत जो ड्रॉइंग पेपर हातात पडला त्यावर रंगवलं, तो फुगला, त्याला बाक आला, दुसऱ्यांदा ब्रश फिरवला तर त्याचा भुगा निघाला. आणि आपण काय समजलो? आपल्याला जलरंग जमत नाहीत! अहो, त्या कागदावर कुणालाच जमले नसते.

म्हणून माझा क्रम उलटा आहे. आधी वही, मग ब्रश, रंग शेवटी. खिशात हजार रुपये असतील तर निम्म्याहून जास्त कागदावर घाला.

कागदाला आतून किंवा वरून खळ दिलेली असते. चांगल्या जलरंगी कागदाला पुष्कळदा जिलेटिनची. ही खळ पाण्याला थोपवून धरते, म्हणून रंग वर राहतो, तुम्हाला तो ढकलायला, उचलायला सवड मिळते. खळ नसली की कागद टीपकागद होतो. ब्रश टेकवला की रंग तिथेच बसला, संपलं. दुकानात वही हातात घेतलीत तर पाठीमागच्या कोपऱ्यात ओलं बोट टेकवून बघा, दुकानदाराची परवानगी घेऊन अर्थातच. ओल काही क्षण वर चकाकत राहिली तर कागद कामाचा.

मग वजन. वहीवर 300 जीएसएम लिहिलेलं असतं, म्हणजे एका चौरस मीटरला तीनशे ग्रॅम. भरपूर पाण्याने काम करणाऱ्याला इतकं हवंच. पेनाने रेखाटून वर हलका रंग देणाऱ्याला दीडशे-दोनशेतही भागतं. आणि तिसरी गोष्ट, कागद कापसाचा की लाकडाच्या लगद्याचा? कापसाचा महाग, पण एकावर एक तीन थर दिले तरी खालचा थर गढूळ होत नाही. लगद्याच्या कागदावरून वाळलेला रंग मात्र सहज पुसून काढता येतो, तोही त्याचा गुणच. शिकताना दोन्ही वापरून बघावेत.

आता आपल्या हवेकडे येते, कारण बाहेरच्या पुस्तकांत आणि व्हिडिओंत हे सापडत नाही. जुलैत रत्नागिरीला बसून आकाशाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग हात, दिलात तर तो वाळेपर्यंत चहा होतो, दुसरा चहा होतो, आणि तुम्ही कंटाळून मध्येच ब्रश लावता. मग त्या ओल्या जागी पाण्याचं फूल उमटतं, ज्याला आपण कॉलीफ्लॉवर म्हणतो. मे महिन्यात नागपूरला हेच आकाश अर्धं व्हायच्या आत वरची कड वाळून रेघ पडलेली असते. तंत्र तेच, कागद तोच, हवा वेगळी. पावसात पाणी कमी घ्या, ब्रश फडक्याला टिपून मगच कागदावर न्या. उन्हाळ्यात कागद आधी दोन्ही बाजूंनी ओला करा आणि मोठा ब्रश घ्या.

याच हवेमुळे मधाचे रंग मी कोकणात कुणाला सुचवत नाही. काही नामवंत परदेशी कंपन्या गोंदाच्या जोडीला मध घालतात. रंग सुरेख, ओल्या ब्रशला लगेच सुटतो. पण आपल्या पावसात तो पॅनमध्ये, म्हणजे डब्यातल्या छोट्या खणात, कधी घट्टच होत नाही, पिशवीत डबा आडवा झाला की वाहतो, आणि वर बुरशी धरते ती वेगळीच. कुठलाही डबा ओला असताना बंद करू नका, रात्रभर पंख्याखाली उघडा ठेवा. कोऱ्या कागदाचंही तसंच. ओल येणाऱ्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या कागदाची खळ जागोजागी मरते. वरून काही दिसत नाही, वॉश दिला की मगच गडद ठिपके उठतात. कागद प्लास्टिकमध्ये गुंडाळून, बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या घालून, कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवा.

हातकागदाबद्दल नेहमी विचारलं जातं. आपल्याकडे त्याची परंपरा मोठी. दौलताबादजवळचं कागजीपुरा हे गावच कागद करणाऱ्यांचं. पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे. तिथला कागद हातात घेतला की ठेववत नाही. पण सुंदर आहे म्हणून प्रत्येक हातकागद जलरंगाला चालेल असं नाही. काही लिहिण्यासाठी केलेले, काही पाकिटांसाठी, खळ त्या हिशेबाने दिलेली. एक ताव आणा, वापरून बघा, मग डझनाचा विचार करा.

तयार वही परवडत नसेल तर घरी बांधा. मी हेच करते. इम्पीरियल आकाराचा ताव, 22 बाय 30 इंचांचा, कुठल्याही बऱ्या दुकानात मिळतो. पुण्यात असाल तर अप्पा बळवंत चौकाच्या आसपास हिंडा. त्याचे 11 बाय 15चे चार तुकडे करा. कात्री नको, दोन्ही बाजूंनी घडी दाबायची, स्टीलची पट्टी धरायची आणि फाडायचं, कड छान येते. प्रत्येक तुकड्याला मधोमध घडी. दोन-दोन तुकडे एकात एक बसवा, घडीत पाच भोकं पाडा, जाड दोऱ्याने शिवा, दोन्ही घड्या एका पुठ्ठ्यात बसवा. सोळा पानांची वही झाली. ती पूर्ण सपाट उघडते, जोडपानावर आडवं चित्र काढता येतं. आणि मुख्य म्हणजे तिची भीती वाटत नाही. कातडी वेष्टनाच्या भारी वहीत पहिलं पान कोरं सोडणारे लोक मी पुष्कळ पाहिलेत.

वहीत काय असावं? चित्र, तारीख, ठिकाण, शक्यतो वेळही, कारण सावल्या वेळेप्रमाणे बदलतात. समासात त्या दिवशी वापरलेल्या रंगांचे ठिपके द्या आणि शेजारी नावं लिहा. पुढच्या वर्षी "हा करडा कसा आला होता?" असं होतं तेव्हा हे ठिपके उपयोगी पडतात. फसलेली पानं फाडू नका. शिवलेल्या वहीतलं एक पान फाडलं की समोरचं जोडीचं पान सैल होतं, एवढं कारण पुरेसं आहे.

समोर बसून, रंगांत टिपून ठेवण्याची ही पद्धत आपल्याकडे काल-परवा आलेली नाही. सवाई माधवरावांच्या काळात पुण्यात गंगाराम तांबट नावाचा चित्रकार होता. पेशवे दरबारातला इंग्रजांचा वकील, म्हणजे राजदूत, चार्ल्स मॅलेट याच्यासाठी तो काम करी. वेरूळच्या लेण्यांची रेखाटनं त्याने केली, आणि पेशव्यांच्या शिकारखान्यातला, म्हणजे प्राणिसंग्रहातला, गेंडाही जलरंगात काढला, नोव्हेंबर 1790 मध्ये. हे चित्र आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. जनावर समोर उभं राहून बघितलंय हे त्यात कळतं. हल्ली 'अर्बन स्केचर्स' म्हणून जगभर लोक जागेवर बसून चित्रं काढतात. सिअ‍ॅटलमधल्या गॅब्रिएल कॅम्पानारिओ या पत्रकाराने 2007 मध्ये ते सुरू केलं, आता मुंबई-पुण्यातही रविवारी सकाळी अशी मंडळी जमतात. जरूर जा. पण तांबट आपला, त्याला विसरू नका.

ब्रशवर फार वेळ घालवत नाही. गोल, आठ किंवा दहा नंबरचा एक सिंथेटिक ब्रश वहीला पुरतो. निवडताना एकच परीक्षा: पाण्यात बुडवून झटका द्या. टोक आपणहून एकत्र आलं पाहिजे, आणि पोटात पाणी राहिलं पाहिजे. दुकानदाराने पाण्याचा कप दिला नाही तर दुसरं दुकान बघा. प्रवासात दांड्यात पाणी भरायचा वॉटर ब्रश सोयीचा, पण त्याने मोठा वॉश होत नाही.

अस्सल केसांच्या ब्रशबद्दल मात्र थोडं बोललं पाहिजे. कोलिन्स्की म्हणजे सायबेरियन वीझल या छोट्या रानटी प्राण्याच्या शेपटीचे केस. व्हिक्टोरिया राणीने 1866 मध्ये आपल्या आवडत्या सात नंबरात असे ब्रश बनवून घेतले, तेव्हापासून त्यांचा दरारा. आपल्याकडचा प्रश्न वेगळा आहे. 'नॅचरल हेअर' एवढंच लिहिलेला, नाव नसलेला, तपकिरी-करड्या पट्ट्यांचा ब्रश मुंगसाच्या केसांचा असू शकतो. वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यावर बंदी आहे. तरी धंदा चालतो, म्हणून 2019 मध्ये 'ऑपरेशन क्लीन आर्ट' या नावाने देशभर छापे घालावे लागले. उत्तर प्रदेशातलं शेरकोट हे ब्रशचं गाव त्यात होतंच. आजचे सिंथेटिक ब्रश इतके चांगले आहेत की मुंगसाच्या ब्रशचं समर्थन मी कुणाकडूनही ऐकून घेणार नाही.

आता रंग. कॅम्लिन 1931 सालची, दांडेकरांनी काढलेली, त्यामुळे उंटाचा डबा आपल्यातल्या बहुतेकांच्या घरी येऊन गेलेला असतो. कंपनी कुठलीही असो, विद्यार्थ्यांसाठीचे आणि कलाकारांसाठीचे रंग यांत फरक असतो तो रंगद्रव्याच्या प्रमाणात. स्वस्तात भर जास्त, म्हणून वाळल्यावर फिके पडतात. माझा सल्ला असा की बारा स्वस्त ट्यूबांऐवजी सहा चांगल्या घ्या.

ट्यूबवरचं गोड नाव वाचू नका, बारीक अक्षरातला रंगद्रव्याचा कोड वाचा. पीबी 29 म्हणजे अल्ट्रामरीन, कंपनी कुठलीही असो. हाच निळा एकेकाळी अफगाणिस्तानातल्या लाजवर्दी दगडापासून काढत आणि तो सोन्याच्या भावाने जाई. तो कृत्रिम करून दाखवणाऱ्याला फ्रान्समध्ये सहा हजार फ्रँकचं बक्षीस लावलं होतं, ते 1828 मध्ये गिमे यांना मिळालं. पुढे तो इतका स्वस्त झाला की आपल्या आज्या धोतरांना जी निळीची पूड घालत ती हीच. नावापुढे 'ह्यू' लिहिलं असेल तर आत मूळ द्रव्य नाही, नक्कल आहे. नक्कल वाईटच असते असं नाही, पण ठाऊक असावं. पीआर 83, म्हणजे जुना अलिझरिन क्रिमसन हा गडद लाल, उजेडात उडतो. एका पट्टीवर तो लावा, अर्धी पट्टी काळ्या कागदाने झाका आणि पश्चिमेच्या खिडकीत काही महिने चिकटवून ठेवा, स्वतःच बघा. त्याऐवजी पीव्ही 19, क्विनॅक्रिडोन रोझ घ्या. अर्थात वही बहुतेक काळ मिटलेली असते, त्यामुळे तिथे एवढं घाबरायचं कारण नाही. भिंतीवर लावायचं चित्र असेल तर मात्र नकोच.

माझे सहा सांगते: अल्ट्रामरीन, थॅलो ब्लू हा दुसरा, झगझगीत निळा, बर्न्ट सिएना म्हणजे तांबूस तपकिरी, यलो ऑकर म्हणजे मातकट पिवळा, एक लिंबाकडे झुकणारा पिवळा आणि तो क्विनॅक्रिडोन रोझ. हे सहा मी ठरवून निवडले नाहीत, ते उरले. चोवीसचा डबा वापरता वापरता कुठल्या ट्यूबा पिळून सपाट झाल्या आणि कुठल्यांची टोपणंही उघडली नाहीत ते बघितलं, एवढंच. तुमचे सहा वेगळे निघतील. समुद्रकाठी राहणाऱ्याचे आणि सोलापूरच्या माळावर राहणाऱ्याचे सारखे कसे असतील?

वाईजवळ मेणवलीचा घाट घ्या. नाना फडणीसांच्या वाड्यामागून पायऱ्या कृष्णेत उतरतात. काळा दगड म्हणून काळा रंग काढलात की चित्र मेलं. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना पॅलेटवर नीट घोटू नका, अर्धवट मिसळलेले कागदावरच सोडा. अल्ट्रामरीनचे कण जड, ते कागदाच्या खळग्यांत जाऊन बसतात, आणि खरबरीत कागदावर दगडाचा पोत फुकटात मिळतो. पायरीच्या आडव्या पृष्ठभागावर दुपारचं ऊन असतं, तिथे फक्त ऑकरचं पाणी. उभ्या बाजूला करडा, आणि पाण्याजवळ, जिथे दगड ओला आहे, तिथे तोच करडा निळ्याकडे झुकवून दाट. दोन-अडीच रंगांत घाट उभा राहतो. कोकणातल्या जांभ्याला हाच बर्न्ट सिएना घ्या, निळ्याऐवजी त्यात रोझ टाका. पावसाळ्यातला सह्याद्री मात्र छळतो. ट्यूबमधला तयार हिरवा सरळ लावला तर डोंगर प्लास्टिकचा दिसतो. थॅलो आणि पिवळ्यात चिमूटभर सिएना घालून त्याचा तोरा उतरवावा लागतो.

पेन वापरणार असाल तर शाई आधी तपासा. शाळेतली निळी शाई पाण्याने पसरते. कधी मुद्दाम पसरवून सावली म्हणून वापरता येते, पण रेघ टिकवायची असेल तर जलरोधक पिगमेंट शाई हवी. बाटलीतली लाखेची इंडियन इंक फाउंटन पेनमध्ये भरू नका, पेन कायमचं बसतं.

मागून कुणीतरी विचारलं, पांढऱ्याचं काय? शुद्धतावादी म्हणतात, जलरंगात पांढरा म्हणजे कागद, बाकी सगळी चोरी. पण विन्सर अँड न्यूटन या इंग्रज रंगकंपनीने 1834 मध्ये चायनीज व्हाइट हा पांढरा जलरंग बाजारात आणला आणि तो खपला, म्हणजे तेव्हाही लोक चोरी करत होते. विजेच्या तारा, बगळा, लाटेवरचा फेस यांसाठी मी खुशाल पांढरं जेल पेन वापरते. माझ्या वहीत परीक्षक बसलेले नाहीत.

बाहेर टेबलावर माझ्या काही वह्या मांडल्या आहेत. चाळा, पानं चिमटीत धरून जाडी बघा. शेजारी कागदाचे तुकडे आणि पाण्याचे कप आहेत, हवा तो कागद भिजवून बघा. चहा त्याच टेबलावर ठेवलाय, तेवढा कप ओळखून घ्या.