‘मग आता मी आणू काय?’

नमस्कार, श्रोतेहो. कार्यालयातून निघणारे पत्र, परिपत्रक किंवा टिपणी वाचणाऱ्याला लवकर कशी उमगेल, या विषयावर मी आज बोलणार आहे. माझी बरीच वर्षे सरकारी मसुदे लिहिण्यात आणि पुढे इतरांचे मसुदे तपासण्यात गेली. त्या अनुभवातून जी गोष्ट मला सांगायची आहे ती आरंभीच सांगते. वाचणारा हातात पत्र घेऊन कोणता प्रश्न विचारील, ते लिहिणाऱ्याने आधी ठरवावे आणि त्याचे उत्तर पहिल्या वाक्यात द्यावे. वाचणाऱ्याचा प्रश्न, आणि पहिल्याच वाक्यात त्याचे उत्तर.

हे मला एका आजींनी शिकवले. नोकरीला लागून मला जेमतेम 4 महिने झाले होते आणि एका तालुक्याच्या ठिकाणी निराधारांच्या अनुदानाचे संकलन, म्हणजे त्या कामाचे टेबल, माझ्याकडे होते. अनुदान चालू राहण्यासाठी हयातीचा आणि उत्पन्नाचा दाखला वेळोवेळी द्यावा लागतो, हे आपल्यापैकी अनेकांना घरच्या अनुभवाने ठाऊक असेल. ज्यांचे दाखले आले नव्हते, त्यांना पाठवायच्या पत्राचा मसुदा मी केला. जुनी नस्ती, म्हणजे फाइल, समोर ठेवून, तिच्यातली वजनदार वाटणारी वाक्ये उचलून केलेला तो माझा पहिला मसुदा होता. वर 4 संदर्भ होते. त्याखाली ‘उपरोक्त विषयान्वये आपणांस याद्वारे कळविण्यात येते की’ असे सुरू होऊन अर्ध्या पानावर संपणारे एकच वाक्य होते, आणि त्या वाक्याच्या पोटात ‘संदर्भ क्रमांक 3 अन्वये विहित केलेली कागदपत्रे विहित मुदतीत सादर करावीत, अन्यथा पुढील कार्यवाही करण्यात येईल’ एवढाच कामाचा भाग होता. संदर्भ क्रमांक 3 हा एक शासन निर्णय होता आणि तो पत्राला जोडलेला नव्हता. मसुदा घाईत मंजूर झाला आणि पत्रे रवाना झाली.

आठवड्याभरात त्या आजी आल्या. दोन एस.टी. बदलून आल्या होत्या, आणि पत्र पावसाने भिजू नये म्हणून त्यांनी ते दुधाच्या रिकाम्या पिशवीत घातले होते. शाळकरी नातवाने पत्र वाचले होते आणि ‘कार्यवाही’ या शब्दाने घरात सगळ्यांची झोप उडाली होती. त्यांनी रेशनकार्ड आणि सातबारा आणला होता. कागद चुकीचे आहेत, दाखला आणा, असे सांगून मी त्यांना परत पाठवले. दुसऱ्या खेपेला त्यांनी उत्पन्नाचा दाखला आणला, कारण मी ‘दाखला’ एवढेच म्हणाले होते. तिसऱ्या खेपेला त्या आल्या तेव्हा आमचे अव्वल कारकून, ज्यांना सारे कार्यालय अण्णासाहेब म्हणत असे, शेजारीच उभे होते.

ते मला म्हणाले, “ताई, आजींना पत्र वाचून दाखवा. मोठ्याने आणि न थांबता.”

मी वाचू लागले. निम्म्यावर माझा श्वास तुटला आणि वाक्याचा कर्ता कोण हे शोधण्यासाठी मला पुन्हा वर जावे लागले. आजी पदर सावरून, मान पुढे करून, एकेक शब्द ऐकत होत्या. माझे वाचून झाल्यावर त्या क्षणभर थांबल्या आणि अगदी मायेने म्हणाल्या, “बाई, मग आता मी आणू काय?”

अण्णासाहेबांनी स्थळप्रत, म्हणजे पत्राची कार्यालयात ठेवलेली प्रत, मागवली आणि तिच्या वरच्या कोऱ्या जागेत पेन्सिलीने तीन प्रश्न लिहिले: काय आणू? कुठे देऊ? कधीपर्यंत? मग म्हणाले, “आता या तीन प्रश्नांखाली नवा मसुदा लिहा.” आजी समक्ष हजर असल्यामुळे त्यांच्या हयातीच्या दाखल्याचे काम त्यांनी त्याच दुपारी पूर्ण करून घेतले. नवे पत्र 4 वाक्यांचे झाले. ‘आपले अनुदान चालू ठेवण्यासाठी आपला हयातीचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला, असे दोन दाखले हवे आहेत. ते या महिन्याच्या 25 तारखेपर्यंत आमच्या कार्यालयात, तळमजल्यावरील दुसऱ्या खोलीत द्यावेत. गावात तलाठ्यांकडे दिले तरी चालतील. दाखले मिळाले नाहीत, तर पुढच्या महिन्यापासून आम्हाला अनुदान थांबवावे लागेल.’ संदर्भ गाळले नाहीत, सहीच्या खाली घेतले. त्यानंतर आलेल्या लोकांपैकी बहुतेकांच्या हातात योग्य ते दोन कागद होते.

काय आणू, कुठे देऊ, कधीपर्यंत: बहुतेक पत्रांना हे तीन प्रश्न पुरतात. याशिवाय एक पथ्य पाळावे. ‘करण्यात येईल’ असे लिहिले की काम कोण करणार हे कळत नाही, म्हणून ‘आम्ही करू’ किंवा ‘तहसीलदार करतील’ असे लिहावे. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम 1964 साली झाला आणि राज्यकारभाराची भाषा मराठी ठरली, ही अभिमानाची गोष्ट आहे; परंतु शब्द मराठी आले तरी वाक्यांची ठेवण कित्येकदा इंग्रजी मसुद्यांचीच राहिली, असे माझे मत आहे. आपल्या जुन्या पत्रांत मजकूर संपला की ‘बहुत काय लिहिणे’ असे लिहून लेखक थांबत असे. ते थांबणे मला फार आवडते.

रूढ कागद बदलता येत नाहीत, असे कोणी म्हणाले तर सातबारा आठवावा. 2020 साली त्याचा नमुना सुधारला गेला. मृत खातेदाराचे नाव किंवा फिटलेल्या कर्जाचा बोजा पूर्वी नुसत्या कंसात दाखवत. आता त्यावर आडवी रेघ येते. शेवटच्या फेरफाराचा, म्हणजे नोंदीतल्या बदलाचा, क्रमांक आणि तारीखही दिसते. उतारा हाती घेणाऱ्याचा पहिला प्रश्न ‘आज या जमिनीवर नाव कोणाचे?’ हाच असतो आणि ती रेघ त्याचे उत्तर देते.

पेन्सिलीच्या तीन प्रश्नांची ती स्थळप्रत मी झेरॉक्स काढून जवळ ठेवली आहे. संकलनावर नवे कोणी रुजू झाले की पहिला मसुदा सोपवण्याआधी मी ती त्यांच्यापुढे ठेवते आणि खालचे पत्र मोठ्याने, न थांबता वाचायला सांगते. नमस्कार.