हेडीस: समीक्षकांचं खरं, की ट्यूशन एरियातल्या पोरांचं?

[पडदा: पाताळातलं दालन. तलवारीचा सपकारा. नायक कोसळतो.]

हा झॅग्रियस, 'हेडीस' या व्हिडिओ गेमचा नायक. ग्रीक पुराणातल्या पाताळाचा राजा हेडीस, त्याचा मुलगा. बापाच्या घरातून पळायचं आणि वर, माणसांच्या जगात जायचं, एवढाच त्याचा हट्ट. वाटेत मेला, की लाल कुंडातून बाहेर येतो तो थेट बापाच्याच दरबारात. बाप कागदांतून मान वर करतो न करतो, एक टोमणा हाणतो. चला, पुन्हा पहिल्यापासून.

या जातीच्या खेळांना रोगलाईट म्हणतात. मूळ पुरुष १९८० चा 'रोग' (Rogue) हा खेळ. त्यात मेलं, की सगळं पाण्यात. रोगलाईटमध्ये थोडीफार कमाई पुढच्या जन्माला मिळते.

सुपरजायंट गेम्स या अमेरिकी स्टुडिओनं 'हेडीस' आधी अर्धवट अवस्थेतच विकायला काढला. जवळपास दोन वर्षं लोक खेळत होते, कुरकुरत होते आणि ती कुरकुर ऐकून स्टुडिओ खेळ बदलत होता. १७ सप्टेंबर २०२० ला पूर्ण खेळ आला आणि समीक्षकांनी तो डोक्यावर घेतला. समीक्षकांच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिक या साइटवर शंभरात ९३. बाफ्टा या ब्रिटिश पुरस्काराचा सर्वोत्तम खेळाचा मान. २०२१ मध्ये विज्ञानकथा आणि अद्भुतकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार, जो त्याआधी कुठल्याच व्हिडिओ गेमला मिळाला नव्हता.

कौतुक कशाचं? मरणाचं. इथं प्रत्येक मरणानंतर कुणीतरी नवं काही बोलतं. पहिल्या टप्प्याच्या शेवटी जिनं तुम्हाला लोळवलं, ती मेगीरा नंतर घरच्याच बैठकीत पेला घेऊन बसलेली दिसते. जवळ जा, बोला. मघाशी जीव घेणारी बाई आता अवघडून उत्तर देते, आणि या दोघांचं जुनं काहीतरी आहे हे हळूच कळतं.

[पडदा: लातूर. रात्रीची रूम, कॉटवर लॅपटॉप, शेजारी बायोलॉजीच्या नोट्स.]

आता हेच लातूरच्या ट्यूशन एरियात रूम करून राहणाऱ्या पोरांना सांगून बघा. हा खेळ चार जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवरही चालतो, म्हणून इथवर पोचला. लाईट गेली आणि बॅटरी मेलेली असली, तरी गेलं ते चालू दालन; पुन्हा त्याच्याच दारापासून सुरू. मराठवाड्यात ही सोय लहान नाही.

पण मत विचारलं, की ऐकायला येतं, "मारामारी लई भारी हाय, पन मजले तेच, बॉस तेच. किती येळा मारायचं त्यांना?"

बॉस म्हणजे टप्प्याच्या शेवटचा मोठा शत्रू. तक्रार खरी आहे. टार्टारस, अ‍ॅस्फोडेल, इलिझियम, स्टिक्स हा पाताळाच्या मजल्यांचा क्रम कधी बदलत नाही. आणि कथेचा मुख्य धागा पुरा व्हायला पाताळातून दहादा सुटावं लागतं. इतरही काही खेळाडू याच मुद्द्यावर वैतागलेत. शस्त्रं सहा, देवांचे वर ढीगभर, म्हणून हात रमतात. डोळे मात्र कंटाळतात.

दुसरी तक्रार 'गॉड मोड'ची. तो चालू केला, की मार वीस टक्के कमी लागतो, आणि प्रत्येक मरणागणिक आणखी दोन टक्के कमी, ऐंशीपर्यंत. रूममध्ये याला सरळ चिटिंग म्हणतात. मला ते पटत नाही. ज्याला दोन टेस्टच्या मधे अर्धा तास मिळतो, त्यानं गोष्ट अर्धवट का सोडायची?

[पडदा: कीबोर्डवर बोट. संवादाची चौकट उघडते, मिटते, उघडते, मिटते.]

खरी गंमत या बोटात आहे. खेळात वीस हजारांवर बोललेली वाक्यं, सगळी इंग्रजीत. पडद्यावरच्या मजकुरासाठी इतर भाषा निवडता येतात, त्यांत भारतातली एकही नाही. मग पोरं काय करतात? पटापट दाबून पुढं. मेगीरा बोलली काय न् नाही बोलली काय. समीक्षकांनी ज्याला ९३ दिले, त्यातला निम्मा माल असा वाचल्याविना जातो आणि उरते ती फक्त मारामारी. तीही चांगलीच आहे, पण तिच्या जिवावर दहा फेऱ्या निघत नाहीत. रूममधला एखादाच मोबाईलवर शब्द शोधत संवाद सावकाश वाचतो, आणि 'तेच ते' हे त्याच्या तोंडून क्वचितच निघतं. म्हणून ते ९३ मी खोटे म्हणणार नाही. ते सरसर इंग्रजी वाचणाऱ्यांचे आहेत, इतकंच.

दुसरा भाग, 'हेडीस २', २५ सप्टेंबर २०२५ ला पूर्ण झाला. नायिका झॅग्रियसची बहीण मेलिनोई. वाटा आता दोन, एक खाली पाताळात, एक वर देवांच्या ऑलिंपस पर्वताकडे. त्यामुळं मजल्यांची तक्रार बरीच मिटते. भाषांच्या यादीत मात्र याही खेपेला हिंदी नाही. मराठीचं तर नावच काढू नका.