शाळेतला बँड : ठरलेला वार आणि पहिली चार गाणी

सप्टेंबर 1976 मध्ये डब्लिनमधील माउंट टेंपल शाळेच्या सूचनाफलकावर लॅरी मलन या 14 वर्षांच्या ड्रमवादकाने एक चिठ्ठी लावली. बँड काढायचा आहे, वादक हवे आहेत, असा तिचा आशय होता. त्याच महिन्याच्या 25 तारखेला काही मुले त्याच्या घरच्या स्वयंपाकघरात जमली आणि त्यांच्यातील चौघांचा पुढे ‘यू टू’ हा बँड झाला. त्या दिवशी जमलेल्यांपैकी कुणीही मुरलेला वादक नव्हता. बँडचे नावही आधी ‘फीडबॅक’, मग ‘द हाइप’ आणि 1978 मध्ये ‘यू टू’ असे बदलत गेले. नाव ठरवण्यातच पहिला महिना घालवणाऱ्या मुलांनी हे जरूर लक्षात घ्यावे. नाव मागाहून बदलता येते.

त्याच्या 20 वर्षे आधी, 1956 मध्ये, पुढे ‘बीटल्स’ बँडमुळे जगभर गाजलेल्या लिव्हरपूलच्या जॉन लेनन यांनी शाळासोबत्यांना घेऊन ‘द क्वारीमेन’ हा बँड काढला होता. तेव्हा ब्रिटनमधील किशोरवयीन मुलांना स्किफल या संगीतप्रकाराने वेड लावले होते, आणि त्याचे मोठे कारण असे की त्यासाठी महागडी वाद्ये लागत नसत. चहाच्या रिकाम्या लाकडी खोक्याला काठी आणि दोरी बांधली की बेस, म्हणजे खालच्या सुरांचे वाद्य, तयार होई, आणि कपडे घासण्याची पन्हळी पाटी बोटांत अंगुस्ताने घालून खरवडली की ठेका मिळे. 6 जुलै 1957 रोजी चर्चच्या आवारातील एका जत्रेत हा बँड वाजवत असताना लेनन यांची 15 वर्षांच्या पॉल मॅकार्टनी यांच्याशी ओळख झाली, आणि पुढच्या वर्षी त्यांच्याहून लहान असलेले जॉर्ज हॅरिसन येऊन मिळाले. वाद्यांचा पूर्ण संच हाती येईपर्यंत ही मुले थांबली असती, तर ही भेट कदाचित झालीच नसती.

शाळकरी बँड सर्वांत आधी कशावर उभा राहत असेल, तर तो ठरलेल्या वारावर आणि ठरलेल्या जागेवर. इंग्लंडमधील ॲबिंग्डन शाळेच्या पाच मुलांनी 1985 मध्ये काढलेल्या बँडचे नावच ‘ऑन अ फ्रायडे’ होते, कारण शाळेच्या संगीतकक्षात त्यांची तालीम शुक्रवारी होत असे. हाच बँड 1991 मध्ये ‘रेडिओहेड’ झाला. आठवड्यातील दोन तास पक्के असले की प्रत्येक जण आपापला भाग घरी बसवून येतो. सगळ्यांना सवड मिळेल तेव्हा जमू, असे ठरवणारे बँड मात्र परीक्षा, शिकवण्या आणि सामने यांच्या धबडग्यात एकेक आठवडा गमावत जातात, आणि दोन महिन्यांनी पाहावे तर तीच दोन गाणी अर्धवट वाजत असतात. परीक्षेच्या काळात तालीम बंद राहणार असेल, तर बंद होण्याची आणि पुन्हा सुरू होण्याची अशा दोन्ही तारखा आधीच ठरवाव्यात. त्यामुळे पालकांचा विरोधही बराच मावळतो.

कोणी काय वाजवायचे, हा प्रश्न बहुतेक वेळा आपोआप सुटतो, फक्त बेस गिटारला कुणी पटकन तयार होत नाही. गिटार वाजवणारे तिघे असतील, तर त्यांच्यातील एकाने बेस घ्यावा. त्याच्या चार तारा गिटारच्या सर्वांत जाड चार तारांच्याच स्वरांत, पण एक सप्तक खाली लावलेल्या असतात, त्यामुळे बोटांना आधीची ओळख उपयोगी पडते. याला दुय्यम काम समजणे अन्यायाचे आहे, हे पुढे तालमीत लगेच दिसेल.

या मजकुरासोबत पडद्यावर एका शाळकरी बँडची तालीम दिसते. तिची खोली लहान आहे, आणि लहान खोलीत पहिली अडचण येते ती आवाजाची. ड्रम्सचा आवाज बटण फिरवून कमी करता येत नाही, आणि गाणाऱ्याचा गळाही एका मर्यादेपलीकडे चढत नाही. म्हणून आधी या दोघांचा मेळ घालावा, ड्रम्स वाजत असताना शब्द स्पष्ट ऐकू येतात ना ते पाहावे, आणि मगच बेस व गिटारचे आवाज त्यांच्या बेताने ठेवावेत. प्रत्यक्षात बहुधा उलटे घडते. गिटारचा अँप्लिफायर जमिनीवर असतो, त्याचे तोंड वादकाच्या घोट्यांकडे असते, त्यामुळे वादकाला स्वतःचे वाजवणे नीट ऐकू येत नाही आणि तो आवाज वाढवतो. ते ऐकून बेसवाला वाढवतो, ड्रमवादक जोर लावतो, आणि गाणारी मुलगी ओरडू लागते. यावर उपाय साधा आहे. अँप्लिफायर खुर्चीवर ठेवून किंवा मागे कलता करून त्याचे तोंड वादकाच्या कानाकडे वळवले, की आवाज कमी करायला तो स्वतःच तयार होतो. माइक कधीही स्पीकरच्या तोंडासमोर येऊ देऊ नये, कारण स्पीकरमधून आलेला आवाज माइकमध्ये शिरून पुन्हा स्पीकरकडे जातो आणि शिट्टीसारखा कर्कश सूर उठतो.

रेडिओहेडचे जॉनी ग्रीनवुड यांनी या संदर्भातील एक मोलाची आठवण सांगितली आहे. बँडमधील आधीच्या कीबोर्डवादकाच्या आवाजापुढे इतरांना स्वतःचे काहीच ऐकू येत नसे, म्हणून त्यांच्या जागी आल्यावर ग्रीनवुड सुरुवातीचे काही महिने कीबोर्डचा आवाज बंद ठेवूनच वाजवत राहिले. त्या काळात त्यांनी इतरांचे वाजवणे ऐकले, आणि कोणत्या जागी भर घालता येईल हे घरी जाऊन शोधले.

कानांच्या काळजीबद्दल मात्र तडजोड करू नये. अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार 85 डेसिबलचा आवाज दिवसाला 8 तासांपर्यंत चालतो, पण त्यात दर 3 डेसिबलची भर पडली की ही वेळ निम्मी होते. म्हणजे 100 डेसिबलला जेमतेम 15 मिनिटे उरतात, आणि बंद खोलीतील ड्रम्स ही पातळी सहज गाठतात. अशा आवाजाने कानातील सूक्ष्म संवेदक पेशी मेल्या, तर त्या पुन्हा उगवत नाहीत. म्हणून वादकांसाठी मिळणारे इअरप्लग पहिल्या तालमीपासून वापरावेत.

आता गाण्याकडे वळू. पहिल्या चार गाण्यांपैकी प्रत्येक गाण्याची पट्टी गाणाऱ्याच्या गळ्यावरून ठरली पाहिजे, मूळ ध्वनिमुद्रणावरून नव्हे. या वयात हे विशेष महत्त्वाचे ठरते, कारण आवाज फुटताना मुलांचा गळा सुमारे एक सप्तक खाली उतरतो आणि मुलींच्या आवाजातही थोडा बदल होतो. गेल्या वर्षी सहज लागणारा वरचा सूर यंदा चिरकतो, आणि त्यात गाणाऱ्याचा काही दोष नसतो. गिटारवाल्याने कॅपो (गिटारच्या मानेवर सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावून किंवा कॉर्ड (एकत्र वाजवायचे सूर) बदलून पट्टी एक-दोन सुरांनी सरकवावी. तीन-चार कॉर्डवर चालणारे गाणे निवडले तर हे काम अवघड नसते.

गाणे बसवताना त्याचा आराखडा कागदावर लिहिला तर निम्मा गोंधळ टळतो. सुरुवातीचे संगीत किती आवर्तनांचे, मुखडा कितीदा, अंतऱ्यानंतर कोण थांबणार आणि शेवट कुठे, हे सर्वांसमोर असले पाहिजे. नव्या बँडना सुरुवात चांगली येते, पण शेवट ठरलेला नसतो, आणि मग एक जण थांबतो, दोघे वाजवत राहतात. म्हणून मला वाटते की शेवटची आठ आवर्तने आधी बसवावीत. लय पळण्याचा रोगही सार्वत्रिक आहे. मुखडा आला की उत्साहाच्या भरात सगळेच धावू लागतात आणि बोल ड्रमवादकाला लागतो. मेट्रोनोमवर, म्हणजे ठरावीक लयीत टिकटिक करणाऱ्या यंत्रावर, तेच गाणे मुद्दाम संथ वाजवले, तर नेमके कोण पुढे जाते ते उघड होते, आणि मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून ऐकल्यावर त्यावर वाद घालावा लागत नाही.

आता पडद्यावरील तालमीत ड्रमवादकाच्या उजव्या पायाकडे आणि बेस वाजवणाऱ्या मुलीच्या दोन बोटांकडे पाहा. किक ड्रमवर, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमवर, पाय पडतो त्याच क्षणी तिचे बोट तारेवरून सुटते. ती स्वतःच्या हाताकडे पाहत नाही, तिची नजर त्या पायावर आहे. आधी याच जागी दोन वेगवेगळे ठोके ऐकू येत होते, आता एकच भरदार ठोका ऐकू येतो, आणि त्यावर गिटारने साधी कॉर्ड वाजवली तरी गाणे उभे राहते. ही जोडी आठवड्यातून एकदा अर्धा तास इतरांशिवाय बसली, तर सगळ्या बँडचा स्तर बदलतो.

पहिला कार्यक्रम शाळेच्या सभागृहात 20 मिनिटांचा असला तरी पुरे. शेफील्डच्या ‘आर्क्टिक मंकीज’मधील दोघांना 2001 च्या नाताळात गिटार मिळाल्या आणि बँडचा पहिला कार्यक्रम जून 2003 मध्ये झाला, म्हणजे मध्ये सुमारे दीड वर्ष गेले. सर्वांत पक्के बसलेले गाणे पहिले घ्यावे, त्याच्या खालोखाल पक्के शेवटी. कुणी चुकलेच तर ड्रमवादकाने काहीही झाले तरी ठेका सोडू नये आणि बाकीच्यांनी पुढच्या मुखड्याच्या समेवर येऊन मिळावे, हे आधी ठरवून त्याचाही सराव करावा.

स्वतःचे पहिले गाणे तयार होईल तेव्हा एक बोलणे टाळू नये. गाण्याचे शब्द आणि चाल यांचा हक्क वेगळा असतो आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा. लेनन आणि मॅकार्टनी यांनी कोवळ्या वयातच ठरवले होते की गाणे कुणीही लिहिले तरी नावे दोघांची लागतील. रेडिओहेडची मूळ गाणी सामान्यतः सगळ्या बँडच्या नावावर असतात. कोणतीही पद्धत निवडावी, पण मैत्री घट्ट असताना निवडावी, कारण शाळा संपली की कुणी दुसऱ्या गावी जातो, कुणी दुसऱ्या बँडमध्ये. त्या वेळी बँडचे नाव कोण वापरणार आणि गाणी कोण वाजवू शकणार, हे तारखेसह एका पानावर लिहावे, सगळ्यांनी त्यावर सह्या कराव्यात आणि प्रत्येकाने स्वतःकडे त्याची एक प्रत ठेवावी.