ब्युफोरिन-२: पटल न फोडता आत

[दृश्य: गाळणी बसवलेल्या सिरिंजमध्ये हलणारे राळेचे मणी]

या पिवळसर मण्यांवर एकेक अमिनो आम्ल जोडत ब्युफोरिन-२ हे पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी, तयार होतंय. एकूण २१ दुवे, आणि काम शेपटीकडून: आधी लायसिन, मग आर्जिनिन, मग लागोपाठ दोन ल्युसिन.

मूळ पेप्टाइड ३९ दुव्यांचं. दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी १९९६ साली ते आशियाई टोड या बेडकासारख्या प्राण्याच्या जठरातून वेगळं केलं. त्याचाच हा आखूड तुकडा. जंतुनाशक पेप्टाइडांपैकी बरीचशी जीवाणूचं पटल फोडतात. हे मात्र पटल शाबूत ठेवून आत शिरतं. औषध पेशीत पोचवायचं तर असाच वाहक हवा.

[दृश्य: चाचणीच्या नळीत निळे पडणारे मणी]

प्रत्येक फेरीत डीएमएफ या द्रावकातलं २० टक्के पाइपरिडीन टोकावरची टोपी, म्हणजे संरक्षक गट, काढतं. धुवायचं, पुढचं आम्ल जोडायचं, आणि चार मणी निनहायड्रिनमध्ये तापवून बघायचे. निळे झाले तर टोकं मोकळी राहिली आहेत, जोडणी पुन्हा.

प्रोलिनच्या टोकावर फिनाइलअॅलनिन चढवताना मात्र ही चाचणी फसवते. प्रोलिनचं अमाइन (टोकाचा नायट्रोजन गट) दुय्यम, म्हणजे त्यावर एकच हायड्रोजन, त्यामुळे जोडणी अर्धवट असली तरी निळा रंग येत नाही. इथे क्लोरानिल ही दुसरी रंगचाचणी वापरायची. आळस केला तर एक दुवा कमी असलेली साखळी माल शुद्ध करताना शेजारीच निघते आणि वेगळी करता करता नाकी नऊ येतात. अकराव्या जागेवरचं हे प्रोलिन म्हणजे पेप्टाइडची बिजागरी. तिथे अॅलनिन घातलं, की ते जीवाणूच्या पृष्ठभागावरच अडकतं.

[दृश्य: थंड इथरमध्ये उतरणारा पांढरा साका]

पेप्टाइड पेशीत गेलं का ते दिसावं म्हणून चमकणारा रंग राळेवर असतानाच लावायचा. एफआयटीसी हा हिरवा रंग थेट टोकाला लावला, तर आम्लात साखळी सोडवताना शेवटचा दुवाही सोबत तुटतो. म्हणून मध्ये अमिनोहेक्झानोइक आम्लाचा सांधा. मग साखळी राळेवरून सोडवायला ९५ टक्के टीएफए (ट्रायफ्लुरोअॅसिटिक आम्ल), अडीच टक्के पाणी, अडीच टक्के ट्रायआयसोप्रोपिलसिलेन. पाच आर्जिनिनांचे संरक्षक गट चिवट असतात. दोन-तीन तास द्यावे लागतात.

[दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली हिरव्या पेशी]

सुंदर दिसतंय. पण या चित्रावर लगेच विश्वास नको. फॉर्मल्डिहाइडने पेशी स्थिर केल्या, की पटलाला नुसतं चिकटलेलं पेप्टाइडही केंद्रकापर्यंत पसरतं आणि आत गेल्यासारखं भासतं. आमच्या मते असल्या चित्रावर निष्कर्ष काढूच नये. पेशी जिवंत ठेवा, बाहेर चिकटलेला माल ट्रिप्सिन या प्रथिनं कापणाऱ्या एन्झाइमनं धुवा आणि मग पाहा. आत ठिपके दिसले तर पेप्टाइड एंडोसोमच्या, म्हणजे पेशीनं गिळलेल्या मालाच्या, पिशवीत कोंडलंय. औषध तिथेच कुजणार. हिरवा रंग पेशीभर पसरला असेल, तरच पेशीद्रवात पोचलं म्हणायचं.

[दृश्य: पेशींवर पिपेटमधून थेंब सोडताना]

औषध पेप्टाइडला डायसल्फाइड (दोन गंधकांमधल्या) बंधानं जोडलेलं असतं. हा बंध तोडणारं ग्लुटाथायोन रक्तद्रवात मायक्रोमोलर, पेशीत मिलिमोलर, म्हणजे कितीतरी जास्त. म्हणून बंध आत तुटतो आणि औषध सुटतं.

शरीरात मात्र आर्जिनिन-लायसिनच्या मागे कापणारी एन्झाइमं याला लवकर तोडतात, उरलेलं मूत्रपिंड गाळतं. डी-रूपातली (आरशातल्या प्रतिमेसारखी उलटी) अमिनो आम्लं वापरली, की कापाकापी थांबते, खर्च वाढतो.