दहावी पेंढी कुणाची?

श्रोतेहो, नमस्कार.

दोन-अडीचशे वर्षांपूर्वीचं इंग्लंडमधलं एक गाव डोळ्यांसमोर आणा. सुगीचे दिवस आहेत. गव्हाच्या पेंढ्या बांधून शेतात मांडल्या आहेत. एक माणूस मोजत मोजत येतो आणि दर दहाव्या पेंढीवर हिरवी डहाळी खोचतो. ती पेंढी चर्चची. आपल्याकडची ख्रिस्ती मंडळी ज्याला दशांश म्हणतात, तो हाच. तिथे मात्र तो कायद्याने द्यावाच लागे. बलुतेदार खळ्यावर येऊन आपला वाटा नेत, त्याची आठवण यावी असंच हे दृश्य.

आता मला विचारायचंय ते हे, की ही पेंढी जायची कुणाच्या घरी? गावात बाप्तिस्मे देणाऱ्या, लग्नं लावणाऱ्या, मयताला उभं राहणाऱ्या पाळकाच्या घरी, असं आपल्याला वाटेल. पण शेकडो गावांत तसं होत नव्हतं. धान्य, गवत, लाकूड हा मोठा दशांश, त्याचा हक्क रेक्टरचा, म्हणजे गावच्या चर्चच्या मुख्य पाळकाचा. जुन्या काळी कितीतरी गावांचं हे रेक्टरपद मठांनी स्वतःकडे घेतलं आणि गावात आपल्या वतीने एक बदली माणूस ठेवला. ‘व्हिकर’ या शब्दाचा मूळ अर्थच बदली माणूस. त्याच्या वाट्याला छोटा दशांश आला: कोकरं, अंडी, दूध, मध, डुकराचं पिल्लू. मोठा दशांश निदान शेतात उभा दिसे. हा छोटा मात्र घरोघरी जाऊन मागावा लागे. रविवारी ज्याला उपदेश करायचा, त्याच्याच दारात सोमवारी अंड्यांसाठी उभं राहायचं. या माणसांची मला फार कणव येते.

1536 ते 1540 या काळात आठव्या हेन्रीने मठ बुडवले. तेव्हा तरी तो दशांश गावच्या पाळकाकडे परत यायला हवा होता. तो गेला राजाकडे, आणि राजाकडून जमीनदारांकडे. वतन विकावं तसा दशांश विकला गेला. व्हिकर होता तिथेच राहिला.

शिवाय पाळकांकडूनच एक कर घेतला जाई: नेमणुकीनंतर पहिल्या वर्षाचं उत्पन्न आणि मग दरवर्षी त्याचा दहावा हिस्सा. आधी हा पैसा रोमला जात असे, 1534 पासून राजाच्या तिजोरीत. 1704 साली ॲन राणीने तो गरीब पाळकांसाठी सोडला. ‘क्वीन ॲन्स बाउंटी’ असं त्या निधीचं नाव. हेतू खरोखर चांगला होता. गरीब जागांची, म्हणजे कमी उत्पन्नाच्या पाळकपदांची, मोजणी झाली, तेव्हा वर्षाला 50 पौंडांपर्यंतच उत्पन्न असलेल्या 5,597 जागा निघाल्या. त्यातल्या 1,071 जागांचं उत्पन्न 10 पौंडांच्या वर जात नव्हतं. निधी सगळ्यांना पुरणार नव्हता, म्हणून चिठ्ठ्या टाकल्या जात. ज्या जागेची चिठ्ठी निघेल तिला 200 पौंड, आणि तेही पाळकाच्या हातात नाहीत. त्यातून जमीन घ्यायची आणि तिच्या उत्पन्नाची भर पगारात पडायची. त्या काळातच कुणी हिशेब मांडला होता: या गतीने सगळ्या जागा 50 पौंडांच्या वर जायला 1714 पासून 339 वर्षं लागतील. म्हणजे 2053 साल! पुढे 1809 पासून पार्लमेंटने अकरा वेळा एकेक लाख पौंड घातले, तेव्हा कुठे गाडा हलला.

चर्च गरीब होतं म्हणून हे घडलं, असं कुणी समजू नये. 1835 च्या चौकशीत कँटरबरीचे आर्चबिशप आणि डरहॅमचे बिशप यांचं प्रत्येकी उत्पन्न वर्षाला 19 हजार पौंडांच्या घरात निघालं. दुसऱ्याच्या जागेवर राबणाऱ्या क्युरेटला, म्हणजे हाताखालच्या पाळकाला, सरासरी 81 पौंड मिळत. पैसा ज्या पदाला चिकटला तिथून तो हलत नसे, मग काम कुणीही करो.

सगळ्यात जिव्हारी लागते ती विधवांची गोष्ट. पाळकाचं घर पदाचं. ते नीट राखायची जबाबदारी मात्र त्याची. तो वारला की नवा पाळक घराची पाहणी करून घेई. गळकं छप्पर, कुजलेली तुळई, पडका गोठा, सगळ्याचा खर्च मेलेल्या माणसाच्या मिळकतीतून वसूल होई. नवरा गेला, घर सोडायचं, आणि सोडता सोडता त्या घराच्या दुरुस्तीचे पैसेही मोजायचे. म्हाताऱ्या पाळकांचीही तीच गत. 1871 च्या कायद्याने त्यांना निवृत्त होता येऊ लागलं, पण पेन्शन कापली जाई ती त्याच जागेच्या उत्पन्नातून, एक तृतीयांशापर्यंत. म्हातारा जगावा तर तरुणाच्या ताटातलं कमी व्हायचं.

1836 मध्ये पेंढ्या गेल्या, रोख रक्कम आली. ती गहू, बार्ली आणि ओट यांच्या सात वर्षांच्या सरासरी भावाशी बांधलेली होती. 1870 नंतर अमेरिकेचा स्वस्त गहू आला, भाव कोसळले, आणि 100 पौंडांचा दशांश 1901 साली 66 पौंडांवर आला. शेतकऱ्याबरोबर पाळकही बुडाला.

1936 साली दशांशाची ही रक्कमही कायद्याने रद्द झाली. 1978 मध्ये गावोगावच्या चर्चच्या जमिनी पाळकांकडून काढून डायोसिसकडे, म्हणजे बिशपच्या प्रांताकडे, गेल्या. आता रेक्टर असो की व्हिकर, पगाराला फरक पडत नाही. इंग्लंडच्या खेड्यांत मोठ्या दगडी घरांवर ‘ओल्ड रेक्टरी’ अशी पाटी आजही दिसते. ती घरं विकली गेली. पाळक जवळच कुठेतरी, साध्या लहान घरात राहतो.