मंडळीला सांग

मंडळी, भाषणाची सुरुवात आपण ज्या शब्दानं करतो तोच आजचा विषय आहे. मराठी बायबलमध्ये इंग्रजीतल्या 'चर्च'च्या जागी 'मंडळी' आहे. घरची मंडळी, वऱ्हाडातली मंडळी, तीच ही. मूळ ग्रीक शब्द 'एक्लेसिया'. अथेन्सचे नागरिक नगराचा कारभार ठरवायला जमत, त्या सभेचं हे नाव. पुढे हिब्रू शास्त्र ग्रीकमध्ये आलं, तेव्हा देवापुढे जमलेल्या इस्राएल लोकांसाठी हाच शब्द घेतला गेला. प्रेषितांची कृत्ये, अध्याय १९ काढून बघा. इफिसच्या नाट्यगृहात अर्तमी देवीच्या नावानं दोन तास ओरडणारा जमाव, तोही 'एक्लेसिया'च! शब्दात मुळात काही पवित्र नव्हतं. कुणी बोलावलं आणि कशासाठी, यावर सगळं.

गोव्याची 'इगर्ज' पोर्तुगीजमार्फत याच 'एक्लेसिया'पासून आली, पण आज तिचा अर्थ इमारत असा होतो. इंग्रजी 'चर्च'चं मूळ निराळं: 'किरियाकॉन', म्हणजे प्रभूचं. मराठी कॅथलिक 'ख्रिस्तसभा' म्हणतात. मला 'मंडळी' जास्त आवडते. यंदा मंडळीला रंग द्यायचाय, असं कुणी म्हणत नाही.

इमारती आल्या त्या नंतर. प्रेषित पौल रोमकरांस पत्रात प्रिस्का आणि अक्विला या जोडप्याच्या घरी जमणाऱ्या मंडळीला सलाम सांगतो. असं एक घर सापडलंही आहे, सीरियात फरात नदीकाठच्या दुरा-युरोपोस इथे. तिसऱ्या शतकातलं साधं घर, मधे अंगण. दोन खोल्यांमधली भिंत पाडून सुमारे १३ मीटर लांब, ५ मीटर रुंद दालन केलेलं, एका टोकाला बुटका चौथरा. दुसऱ्या खोलीत बाप्तिस्म्याचं कुंड, त्याच्यावर मेंढपाळाचं चित्र. रस्त्यावरून जाणाऱ्याला ते इतर घरांसारखंच दिसत असणार. इराणी सैन्याचा हल्ला येणार म्हणून शहरातल्या रोमी सैन्यानं तटाला लागून असलेल्या घरांत माती भरली. २५६ च्या सुमारास शहर पडलं, पण मातीखाली चित्रं टिकली.

आता कामाची गोष्ट. शुभवर्तमानांत 'मंडळी' हा शब्द येशूच्या तोंडी दोनच ठिकाणी येतो, दोन्ही मत्तयात. सोळाव्या अध्यायात 'ह्या खडकावर मी आपली मंडळी रचीन'. क्रियापद बांधकामाचं, बांधायची माणसं. या वचनावर शतकानुशतकं वाद झाले, आणि अठराव्या अध्यायाकडे मात्र तेवढं लक्ष गेलं नाही. तिथे भावानं अपराध केला तर काय करायचं, याच्या पायऱ्या आहेत. आधी एकट्यानं जाऊन, तो आणि तू असताना, त्याची चूक दाखव. नाहीच ऐकलं, तर एक-दोन जण बरोबर ने. तरीही नाही, तर मंडळीला सांग. तिचंही ऐकलं नाही, तर तो तुला परराष्ट्रीय किंवा जकातदारासारखा, म्हणजे तेव्हा लोक ज्यांना दूर ठेवत त्यांच्यासारखा.

बिघडतं ते बहुधा पहिल्याच पायरीवर. समोरासमोर बोलायला धीर लागतो, म्हणून तक्रार थेट पाळकाकडे किंवा पंचांकडे जाते आणि ज्याच्याबद्दल ती आहे त्याला सगळ्यांत शेवटी कळतं. उद्देश 'बंधू मिळवणं' हा आहे. चारचौघांत उघडा पडलेला माणूस मिळत नाही, तो दुसरीकडे उपासनेला जायला लागतो. दुसऱ्या पायरीवर लोक आपले पाठीराखे नेतात. पण हा नियम जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायातल्या दोन-तीन साक्षीदारांवरून आलाय. तिथे एकट्या साक्षीवर कुणाला दोषी धरता येत नाही, आणि खोटी साक्ष निघाली तर शिक्षा साक्षीदारालाच. म्हणजे बरोबर नेलेल्या दोघांनी तुमचंही बोलणं तपासायचं असतं. आणि शेवटचं वाक्य म्हणजे कायमची हकालपट्टी असं समजू नका. हे लिहिणारा मत्तय परंपरेनुसार स्वतः जकातदार होता, आणि येशू जकातदारांच्या पंगतीला बसत असे.

तिसऱ्या पायरीवर खरा प्रश्न येतो: मंडळीला म्हणजे कुणाला? कॅथलिक परंपरेत उत्तर बिशपपर्यंत जातं. १५३० च्या ऑग्सबर्ग कबुलीजबाबात, म्हणजे आपल्या श्रद्धेच्या जाहीर निवेदनात, लूथरपंथीयांनी सांगितलं, जिथे सुवार्ता शुद्ध शिकवली जाते आणि संस्कार योग्य रीतीनं दिले जातात तो भक्तांचा समुदाय म्हणजे मंडळी. बॅप्टिस्ट म्हणतात, स्थानिक सभासदांची सभा. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा संस्था मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली, त्यात बिशप मानणारे आणि न मानणारे, बालबाप्तिस्मा देणारे आणि न देणारे एकत्र आले; दोन्ही रीतींना जागा ठेवूनच ते जमलं.

ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक याच्याही पुढे गेले. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही ख्रिस्तभक्त बसणार होते. १९१९ मध्ये टिळक गेले. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत ज्याचं नाव नाही, त्याला मंडळीत धरायचं का, हे आजही प्रत्येक पंचमंडळ आपापलं ठरवतं.